ठकी ७२ वर्षांची झाली आणि आम्ही सगळे तिथेच फसलो

आधी एक सांगते, घर खरं आहे, मांजर खरं आहे, फक्त नावं बदललीत. ज्यांचं मांजर त्यांना विचारूनच लिहितेय. म्हाताऱ्या मांजरांबद्दल मला जे फोन येतात त्यातल्या निम्म्यात तरी "वय झालंय हो तिचं" हे वाक्य असतंच, आणि दरवेळी मला ठकी आठवते. हेच वाक्य ठकीबद्दल एकदा मी स्वतः बोललेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पार्श्वभूमी

डोंबिवली पूर्वेला जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही. घरात आजी, दादा, वहिनी आणि मुलगी सई. मी एक मजला खाली राहते, बिल्डिंगमधल्या भटक्या मांजरांचं खाणं आणि नसबंदीची ऑपरेशनं बघते, त्यामुळे कुठल्याही मांजराचं काहीही झालं की पहिली बेल माझी वाजते.

२०१० च्या जुलैत धो धो पावसात मीटरबॉक्सखाली एक पिल्लू सापडलं. सई तेव्हा तीन वर्षांची होती, तिने ते फ्रॉकमध्ये गुंडाळून वर नेलं आणि विषय संपला. डॉक्टरांनी तोंड उघडून दुधाचे दात बघितले आणि दोन महिन्यांचं आहे म्हणाले. हे इथे मुद्दाम लिहितेय कारण पिल्लाचं वय दातांवरून बऱ्यापैकी नक्की कळतं, दुधाचे दात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून यायला लागतात आणि सहा-सात महिन्यांत पक्के दात येऊन जातात, पण एकदा मांजर मोठं झालं की दात बघून सांगितलेलं वय म्हणजे निव्वळ अंदाज असतो. रस्त्यावरून मोठं मांजर आणणाऱ्यांना त्याचं वय कधीच पक्कं माहीत नसतं. ठकीचं माहीत होतं. जन्म मे २०१०.

सातव्या महिन्यात ऑपरेशन झालं, पहिली काही वर्षं लशी वेळेवर झाल्या, मग "घरातच तर असते" म्हणून २०१६ नंतर दवाखाना सुटला. एकदा कान खाजवत होती म्हणून नेलं, तेवढंच. बाकी तब्येत ठणठणीत, कपाटावर एका उडीत, सुकटीचा डबा उघडला की कुठूनही हजर.

वयाचं गणित

मांजराचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. ते चुकीचं आहे हे कळायला पुस्तक लागत नाही. मांजरीची पिल्लं पाच-सहा महिन्यांत वयात येतात, वेळेत ऑपरेशन केलं नाही तर वर्षाच्या आत त्यांना स्वतःची पिल्लं होतात. सात वर्षांच्या मुलीशी ती तुलना कशी बसणार? म्हणून डॉक्टर लोक जो हिशोब वापरतात तो असा की पहिलं वर्ष माणसाच्या १५ वर्षांएवढं, दुसऱ्या वर्षाच्या शेवटी २४, आणि त्यापुढे दरवर्षी ४. म्हणजे सुरुवातीला सुसाट आणि मग एका संथ लयीत, पण ती लयसुद्धा आपल्या चौपट.

सईने हा तक्ता आठवीत असताना छापून फ्रिजवर लावला. मे २०२१ मध्ये लॉकडाऊन चालू, ठकी ११ वर्षांची म्हणजे तक्त्याप्रमाणे ६०, तर या लोकांनी तिची साठीशांत केली. आजीने खरंच औक्षण केलं. त्या दिवशी गंमत म्हणून सईने तिला उचलून आजीच्या वजनकाट्यावर उभं राहून वजन केलं होतं, ४.४ किलो, आणि ते तक्त्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. हा पेन्सिलीचा आकडा लक्षात ठेवा.

त्या तक्त्यावर सईने अजून एक केलं होतं जे मला फार आवडतं. तिने घरातल्या सगळ्यांची वयं बाजूला लिहिली होती आणि ठकीने कोणाला कधी ओव्हरटेक केलं ते दाखवलं होतं. घरात आली तेव्हा सगळ्यात लहान. वर्षाची झाली तेव्हा १५ ची, सई चारची, म्हणजे सईला केव्हाच मागे टाकलं. पाचव्या वर्षी वहिनींना, सहाव्या वर्षी दादाला. २०२४ च्या मे महिन्यात १४ पूर्ण झाली म्हणजे ७२, आणि पुढे एकच जण उरलं होतं, आजी, ७३.

आता या तक्त्याची मर्यादापण सांगते. तो ढोबळ आहे, एका लाइनीत बसवलेला. अमेरिकेत टेक्सासच्या ऑस्टिनमध्ये क्रीम पफ नावाची मांजर १९६७ ते २००५ अशी ३८ वर्षं जगली, हा विक्रम आहे. तक्त्याने तिचं वय काढलं तर १६८ येतं, आणि माणसांमध्ये सगळ्यात जास्त जगलेल्या फ्रान्सच्या जान काल्माँ बाई १९९७ मध्ये गेल्या तेव्हा १२२ च्या होत्या. म्हणजे टोकाला जाऊन तक्ता तुटतो. शिवाय म्हातारपणाची जातच वेगळी आहे. मांजरीला आपल्यासारखी पाळी जाणं वगैरे प्रकार नसतो, ऑपरेशन न केलेली मांजरी म्हातारपणीसुद्धा पिल्लं घालू शकते. केस पांढरे होऊन चेहऱ्यावर वय दिसावं असंही फारसं होत नाही. आपल्यात म्हातारपणी हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबतात तसं मांजरांमध्ये सहसा होत नाही, त्यांच्यात आधी थकतात त्या किडन्या. आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे आजी गुडघे दुखले की अख्ख्या मजल्याला ऐकवते, मांजर बोलत नाही, ते फक्त उडी मारायचं सोडून देतं.

अडचण काय झाली

२०२३ च्या दिवाळीत मी फराळाला वर गेले तेव्हा ठकी कपाटावर नव्हती, वॉशिंग मशीनवरून स्टूलवर, स्टूलवरून खिडकीत अशी टप्प्याटप्प्याने चढत होती. पाठीचे केस चिकटल्यासारखे, मणका हाताला लागत होता. वहिनी म्हणाल्या बारीक झालीय का गं, आणि मी, मांजरांमधली जाणकार म्हणवणारी, चकलीचा तुकडा तोंडात टाकून म्हणाले "वय झालं वहिनी, सत्तरीला आली."

इथे पहिला फाटा होता आणि तिथे चुकीच्या वाटेला लावणारी मीच.

पुढच्या सहा-सात महिन्यांत एकेक गोष्ट वाढत गेली आणि प्रत्येकीला घरात आजीचं उदाहरण तयार होतं. ठकी पाणी जास्त प्यायला लागली, बाथरूमच्या बादलीत तोंड घालायला लागली, तर आजीचंही उन्हाळ्यात तोंड कोरडं पडतं. वाळूच्या ट्रेमध्ये लघवीचे गोळे मोठे आणि जास्त, तर आजीही रात्री तीनदा उठते. पहाटे तीनला पॅसेजमध्ये उभी राहून लांब हेल काढून ओरडायला लागली, तर आजीलाही झोप नाही. नखं जाड होऊन चादरीत अडकायला लागली, उडी बंद, तर आजीचे गुडघे. असं सगळं म्हातारपणाच्या एकाच पोत्यात भरलं गेलं. फ्रिजवरचा ७२ हा आकडा इतका पटण्यासारखा होता की पुढे कोणी विचारच केला नाही.

आता हेच उलटं करून बघा. पेन्सिलीचा आकडा ४.४ होता, पुढे दवाखान्यात निघाला ३.१. म्हणजे तीन वर्षांत जवळजवळ ३० टक्के वजन गेलं. आजीचं वजन ६० किलो आहे, ती ४२ वर आली असती तर दादाने एक दिवस तरी वाट बघितली असती का? म्हणजे आम्ही तुलना केली, पण अर्धीच केली. तिचं वय आजीच्या मापाने मोजलं आणि तब्येत मात्र मोजलीच नाही.

१७ जुलै २०२४, आषाढी एकादशी. खिचडीच्या ताटात ठकीने सरळ पाय घातला, जी मांजर चौदा वर्षांत कधी ताटाला शिवली नव्हती. मग टेबलाच्या पायाला धडकली. सईने बघितलं तर भर दिवसा, खिडकीतल्या उजेडातसुद्धा डोळ्यांच्या बाहुल्या पूर्ण मोठ्या, काळ्याभोर. घरातलं निदान, मोतीबिंदू. कारण आजीचं त्याच वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. आणि मोतीबिंदू काही घाईचा नसतो, सईची परीक्षा चालू होती, म्हणून रविवारी नेऊ असं ठरलं. मला हे शनिवारी रात्री कळलं.

म्हाताऱ्या मांजरांच्या डोळ्यात निळसर झाक येते ती बहुतेक वेळा भिंग घट्ट होत गेल्याने येते, त्याने नजर जात नाही. मोतीबिंदू मांजरात होतच नाही असं नाही, पण एका दिवसात दोन्ही डोळे आंधळे आणि बाहुल्या मोठ्या, हे बघितलं की म्हाताऱ्या मांजरात आधी ब्लड प्रेशरचा विचार करायचा असतो. प्रेशर खूप वाढलं की डोळ्याच्या मागचा पडदा सुटतो. तो परत चिकटू शकतो, थोडीफार नजर येऊ शकते, पण त्यासाठी पहिले काही तास-दिवस सोन्यासारखे असतात. आमचे चार दिवस गेले होते.

दवाखान्यात काय निघालं

मांजराचं प्रेशर मोजतात हेच वहिनींना नवीन होतं. पुढच्या पायाला किंवा शेपटीला तान्ह्या बाळाएवढा पट्टा बांधतात आणि नाडीचा आवाज ऐकत मोजतात. आधी पाच-दहा मिनिटं तिला शांत बसू देतात, पहिलं रीडिंग सोडून देतात, मग पाच-सात वेळा घेऊन सरासरी, कारण दवाखान्याच्या भीतीनेसुद्धा प्रेशर चढतं. ठकीचं २१० आलं. मांजरात १६० च्या वर म्हणजे जास्त, १८० च्या वर म्हणजे डोळे, मेंदू, हृदय, किडनी सगळ्यांनाच धोका.

रक्तात क्रिएटिनिन (किडनीने बाहेर टाकायचा कचरा, किडनी थकली की रक्तात साठतो) ३.४, फॉस्फरस ६.१, साखर ठीक, थायरॉइड ठीक. थायरॉइड बघावंच लागतं कारण म्हाताऱ्या मांजरात ते वाढलं तरी हीच सगळी लक्षणं दिसतात, वजन घटणं, तहान, ओरडणं, प्रेशर. लघवी अगदी पातळ, घनता १.०१४, जी निरोगी मांजरात १.०३५ च्या वर असते. किडनीच्या आजाराच्या चार पायऱ्या धरतात, क्रिएटिनिन २.९ ते ५ ही तिसरी, ठकी तिथे होती.

डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या ज्या मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते. एक, क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं, त्यामुळे हाडं लागलेल्या मांजराचा आकडा खरा आहे त्यापेक्षा बरा दिसतो. दोन, साध्या रक्ततपासणीत किडनी बिघडलेली दिसते तेव्हा ढोबळमानाने तीन चतुर्थांश काम आधीच गेलेलं असतं. तहान आणि ट्रेमधले मोठे गोळे त्याच्या आधीपासून सांगत असतात.

मग त्यांनी विचारलं घरात कोणी दुखण्यावर मलम लावतं का. आजी लावते, डायक्लोफेनॅकचं जेल, दिवसातून दोनदा गुडघ्याला, आणि ठकी दिवसभर आजीच्या मांडीवर. अंगाला लागलं की मांजर चाटून काढणारच. या जातीची वेदनाशामकं मांजराच्या किडनीला वाईट असतात. अमेरिकेच्या औषध खात्याने २०१५ मध्येच इशारा दिला होता की माणसांनी अंगाला लावलेल्या फ्लुरबीप्रोफेनच्या मलमामुळे घरातली मांजरं आजारी पडली, काही मेली. (आणि डायक्लोफेनॅक तर आपल्याकडे गिधाडांमुळे बदनाम आहेच, ते दिलेली गुरं मेल्यावर खाऊन गिधाडं मेली, गुरांना ते देण्यावर २००६ मध्ये बंदी आली ती त्याचसाठी.) ठकीला आजीच्या मलमाने किडनीचा आजार झाला असं डॉक्टर म्हणाले नाहीत, तसं सिद्ध करताही येत नाही. पण आजी त्या दिवशी जेवली नाही.

समोर कोणते पर्याय होते

त्या रविवारी रात्री वर बैठक बसली. दादाने एका ओळखीच्या दवाखान्यात फोन करून रिपोर्ट वाचून दाखवले होते, तिकडून उत्तर आलं की १४ म्हणजे बरंच झालं, आता कशाला त्रास देता. मांजर न बघता, नुसत्या वयावर. ही शक्यता दादाने प्रामाणिकपणे सगळ्यांसमोर ठेवली आणि मला त्याचं चुकलं असं वाटत नाही, कोणीतरी ते मोठ्याने बोलायला हवंच होतं. पण ठकी खात होती, ट्रेपर्यंत भिंतीला घासत का होईना जात होती, आजीच्या मांडीवर घुरघुरत होती. निरोप द्यायची वेळ आलेल्या मांजराचं असं नसतं.

दुसरा पर्याय म्हणजे तीन दिवस ॲडमिट करून शिरेतून सलाइन. आकडे जास्त असतील, उलट्या असतील, खाणं बंद असेल तर तेच योग्य. इथे अंगातलं पाणी थोडंच कमी होतं, आणि अचानक आंधळी झालेली मांजर अनोळखी पिंजऱ्यात, शेजारी कुत्री भुंकतायत, त्यात प्रेशर चढणार हे डॉक्टरच म्हणाले. शिवाय इतक्या प्रेशरमध्ये भराभर सलाइन देणंही जोखमीचंच.

तिसरा, घरी उपचार. प्रेशरची गोळी लगेच आजपासून, तीन दिवस रोज दवाखान्यात नेऊन कातडीखाली १०० मिली रिंगर लॅक्टेट (सलाइनचाच प्रकार), किडनीच्या आजारासाठीचं खास खाणं हळूहळू, आठवड्याने परत प्रेशर. याला खर्च कमी पण घरातल्या माणसाची नोकरीच लागते. वहिनी सकाळी ७.४० ची लोकल पकडतात, दादाची शिफ्ट, सई बारावीला. मग गोळी देणार कोण? आजी म्हणाली, मी देईन, मला माझ्या लक्षात ठेवायच्याच असतात.

चौथा पर्याय शेजारच्या काकांनी सुचवला, अंग दुखत असेल तर पॅरासिटामॉलचा छोटा तुकडा द्या. हे मी मुद्दाम लिहितेय. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, थोडंसुद्धा. त्यांच्या लिव्हरला ते औषध नीट मोडून बाहेर टाकताच येत नाही. माणसाशी तुलना इथे सरळ जीव घेते.

काय केलं

प्रेशरची गोळी म्हणजे अॅम्लोडिपिन. आजी स्वतः गेली नऊ वर्षं तीच घेते, ५ मिलीग्रॅमची. ठकीला ०.६२५, म्हणजे २.५ च्या गोळीचा पाव भाग. आजीला हे कळल्यावर तिला काय आनंद झाला सांगू, एकच औषध म्हणून. तिच्या गोळ्या कापायच्या डबीत ती दर रविवारी आठवड्याचे सात तुकडे करून ठेवते. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं की दोघींच्या डब्या वेगळ्या, वेगळ्या रंगाच्या, वेगळ्या खोलीत. ठकीची पिवळी.

खाण्यात आम्ही जवळजवळ घोळ घातला होता. सईने पहिल्याच दिवशी जुनं सगळं बंद करून किडनीचं नवीन खाणं वाटीत टाकलं. ठकीने वास घेतला आणि पाठ फिरवली. दीड दिवस काही नाही. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की लिव्हरमध्ये चरबी साठून वेगळंच संकट येतं, म्हणून ठरवलं की जे खाईल ते आधी, नियम नंतर. जुन्या खाण्यात चमचाभर नवीन, मग दोन, असं पाच आठवडे लागले आणि अजूनही ती साधारण तीन भाग नवीन आणि एक भाग जुनं अशीच खाते. डॉक्टरांना ते चालतं. सुकट मात्र कायमची बंद, मीठ आणि फॉस्फरस दोन्ही. त्याचं दुःख तिच्यापेक्षा आजीला जास्त झालं.

पाण्याच्या वाट्या चार ठिकाणी, खाण्यापासून लांब. चिकन उकडलेलं पाणी, बिनमिठाचं, कांदा-लसूण अजिबात नाही कारण कांद्याने मांजराच्या रक्तातल्या पेशी फुटतात. दोन दिवस आम्ही मापाने पाणी मोजलं तर ३८० मिली निघालं. तीन किलोच्या मांजराने ३०० च्या वर पिणं म्हणजेच जास्त, पण किडनी पाणी धरून ठेवत नाही तोवर तिला ते लागणारच, म्हणून बादलीवरून हाकलणं बंद. वाळूचा ट्रे कमी कडेचा आणला, खरं म्हणजे भांडी पालथी घालायचा प्लास्टिकचा ट्रे. खिडकीला दोन पायऱ्या, फर्निचर जागचं हलवायचं नाही, आणि आजीने मलम लावलं की गुडघ्याला कापड गुंडाळायचं आणि हात धुवायचे. आता आजीने मलम सोडून गरम पाण्याची पिशवी घेतलीय.

सांध्यांचं दुखणं राहिलंच. बारा वर्षांवरच्या मांजरांचे एक्स-रे काढून बघितले होते तेव्हा १०० तल्या ९० मध्ये सांध्यांची झीज सापडली होती, म्हणजे ठकीचे सांधे झिजलेले असणारच. पण त्या पहिल्या महिन्यात किडनी आणि प्रेशर स्थिर होईपर्यंत डॉक्टरांनी दुखण्याचं औषध दिलं नाही, फक्त पायऱ्या, मऊ गादी आणि नखं कापणं यावर भागवलं.

काय झालं

आठवड्याने प्रेशर १६८, तिसऱ्या आठवड्यात १५२. पहाटेचं ओरडणं जवळजवळ थांबलं, हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं की ते ओरडणं प्रेशरमुळे असू शकतं. उजवा डोळा परत आला नाही. डाव्यात ऑगस्टच्या शेवटी हालचाल कळायला लागली, सईने दोरी हलवली तर मान वळली, त्या दिवशी व्हिडिओ सगळ्या बिल्डिंगच्या ग्रुपवर फिरला. आता अंधारात धडकते, उजेडात फिरते, खिडकीतल्या कबुतरांना दात कडकडून दाखवते.

दिवाळीपर्यंत वजन ३.५. जानेवारी २०२५ मध्ये क्रिएटिनिन २.७, म्हणजे दुसऱ्या पायरीच्या वरच्या टोकाला. यात किडनी बरी झाली असं काही नाही, ती होत नाही, जुलैच्या आकड्यात अंगातलं पाणी कमी असल्याचाही भाग होता. जुलै २०२५ ला क्रिएटिनिन ३.०, वजन ३.४. हळूहळू सरकतंय. दादाला हे समजून घ्यायला वेळ लागला, त्याला प्रत्येक रिपोर्टला सुधारलं का हेच विचारायचं असतं.

मे २०२५ मध्ये ठकीला १५ पूर्ण झाली, म्हणजे ७६, आणि आजी ७४. शेवटचा ओव्हरटेक. सईने तक्त्यावर बाण काढला. आजी तेव्हापासून तिला अहोजाहो करते, "अहो ठकूबाई, गोळीची वेळ झाली."

कुठे वेगळं करता आलं असतं

पहिलं आणि सगळ्यात मोठं, तक्त्याचा उपयोग. आम्ही त्यावरून ठकी किती वर्षांची झाली हे काढलं आणि थांबलो. त्याच तक्त्यातला चारचा आकडा आम्हाला वेगळंच सांगत होता, की तिचं एक वर्ष म्हणजे आपली चार. म्हणजे वर्षातून एकदा दवाखाना म्हणजे सत्तरीतल्या माणसाने चार वर्षांतून एकदा डॉक्टर बघणं. आणि आमचा तर २०२१ ते २०२४ मध्ये एकदाही नाही, आजीच्या हिशोबाने बारा वर्षं. दहा वर्षांच्या पुढे मांजराला दर सहा महिन्यांनी न्यावं असं सांगतात ते याचसाठी, आपल्या दृष्टीने ती दोन वर्षं असतात. "परीक्षा झाल्यावर बघू" मधले चार दिवससुद्धा तिचे जास्त लांब होते.

दुसरं, वजन. त्यासाठी दवाखानाही लागत नाही, काटा घरात होता. दर महिन्याला सईने तिला उचलून उभं राहायचं आणि पेन्सिलीने लिहायचं एवढंच. दिवाळीत आमच्याकडे आकडा असता तर मी चकली खात "सत्तरीला आली" म्हणाले नसते, किंवा म्हणाले असते तरी आकड्याने मला गप्प केलं असतं. किडनीचा आजार कळायच्या आधी कधी कधी दोन-तीन वर्षांपासून वजन उतरायला लागलेलं असतं, म्हणजे २०२२ मध्येच काहीतरी दिसलं असतं.

तिसरं थोडं वादाचं आहे. दादाचं म्हणणं, २०२३ मध्ये कळलं असतं तरी किडनी काही परत आली नसती, मग फरक काय? मला हे पटत नाही. किडनी नसती आली, डोळा वाचला असता. प्रेशर एका रात्रीत २१० झालं नव्हतं, कधीतरी १७० असेल, तेव्हा तीच पाव गोळी पुरली असती. वहिनी या वादात पडत नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच की डॉक्टरांनी १४ व्या वर्षी पहिल्यांदा मोजलेलं प्रेशर कोणीतरी दहाव्या वर्षीच मोजायला सांगायला हवं होतं, आणि त्याबाबतीत त्या माझ्याकडे बघतात, बरोबरच आहे.

एक गोष्ट अजून लटकलेली आहे. ठकीचा एक दात किडलाय, काढायला भूल द्यावी लागेल. दादा म्हणतो या वयात नको. डॉक्टर म्हणतात वय बघू नका, प्रेशर आणि किडनीचे आकडे बघू आणि मग ठरवू. त्यासाठी रक्त द्यायला पुढच्या महिन्यात जायचंय, आणि त्याच सकाळी आजीची शुगरची तपासणी आहे, दोघीही उपाशीपोटी, म्हणून वहिनींनी रिक्षा एकच सांगून ठेवलीय.